जुना, वापरलेला, वैयक्तिक

विमानांच्या घड्याळात पहाटेचे तीन,
आम्हा अदिसकरांच्या घड्याळात रात्रीचे नऊ.
बैरूतचं विमान उतरलं की पट्ट्यावर आधी येतात
खाकी चिकटपट्टीने अंगभर आवळलेल्या बॅगा,
मागून त्यांच्या मालकिणी.

नियम सोपा. बारा वर्षं तोच सांगतेय:
माणशी एक लॅपटॉप, एक फोन,
शिवाय जे जुनं, वापरातलं.
बाकीच्यावर जकात.
नवं असेल तर खोक्यावरची किंमत,
खोकं फेकून दिलं असेल तर माझ्या वहीतली,
आणि वहीतली नेहमी जास्त असते.

लोकांना वाटतं, आम्हाला यंत्रातून सगळं दिसतं.
यंत्रातून नुसते चौकोन दिसतात.
बाकीचं चालण्यातून कळतं.
मोज्यात दोन फोन घातलेला गडी
सासुरवाडीच्या ओसरीवरून चालावं तसा
जपून पाय टाकतो.

हिचं नाव अस्नाकेच वोर्कू.
पासपोर्टातला फोटो एकोणिसाव्या वर्षीचा.
मी म्हटलं, उघड.

टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. "भावाचा."
म्हणजे भावासाठी.
"तेच ते."
केस वाळवायचं यंत्र, मालकिणीने दिलेलं, वायर जळकी.
एक फोन तिचा, काच तडकलेली.
एक फोन खोकंबंद, वरचं प्लास्टिकही शाबूत.
आणि तळाशी, नेटेलाच्या घडीत,
एक टॅब्लेट. कोपऱ्यांना निळं रबर, चावलेलं.

"हा कुणाचा?"
"माझा."
"आणि हे दात?"
रांगेत कुणीतरी हसलं.
ती नाही हसली.

वापरलेला असेल तर चालू करून दाखव,
हा माझा नियम, पुस्तकातला नाही.
बॅटरी तीन टक्के.
पडद्यावर एक पोरगा, पुढचे दोन दात पडलेले,
अरबीत कसलातरी हट्ट चाललेला.
मग टबाच्या कडेवर साबणाच्या बाटल्या मांडत
तो मोजू लागतो, चक्क आमच्या भाषेत:
अंद, हुलेत, सोस्त, अरात...
हेल थेट वोलोकडचा.
पाचावर गाडी अडते.
कॅमेऱ्यामागून कुणीतरी हळूच सांगतं, अमिस्त.
अमिस्त, तो म्हणतो,
आणि पडदा काळा.

एक कलम असं आहे:
प्रवाशाने जाताना नोंदवलेली वस्तू
तीच परत आणली तर जकात नाही.
जाताना हिने काय नोंदवलं होतं,
मी शोधलं नाही.

"मुलाने दिला?"
"त्याच्या आईने."
"आठवण म्हणून?"
"नाही. त्याला नवा आणला."

खोकंबंद फोनची जकात घेतली, पुरती.
तिने घासाघीस केली, दोनदा शपथा घातल्या,
मी एक बिर सोडला नाही.
लॅपटॉप माणशी एक, त्यात बसला.
केसांच्या यंत्राकडे पाहिलं न पाहिलंसं केलं.

टॅब्लेटच्या ओळीत लिहिलं: जुना, वापरलेला,
आणि 'वैयक्तिक'च्या पहिल्याच अक्षरावर
माझ्या पेनातली शाई संपली.
तिने पर्समधून तिचं पेन दिलं,
वर कुठल्याशा दंतवैद्याचं नाव, अरबीत.
शब्द पुरा केला, शिक्का मारला.
ती गेली, बॅगेचं एक चाक फरफटत.

पेन माझ्याकडेच राहिलं.
प्रवाशाकडून काही घेऊ नये,
तेही एक कलम आहे.

"पुढचा," मी म्हटलं.
मोजेवाला पुढे झाला, जपून.