झुकतं माप

कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडलं,
मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ ओढली.
डावीकडे लिहिलं: नाही.
उजवीकडे: हो.
किडनी हा शब्द कुठेच लिहिला नाही.
स्वयंपाकघरातलं पान, येणारा-जाणारा वाचतो.

डावा रकाना भराभर भरत गेला.
अक्रोडाची चार झाडं, मला न विचारता विकलेली.
त्यावरून धरलेला अबोला, अकरा वर्षांचा.
आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात
माझ्याकडे पाठ करून त्याने उचललेला पेला.
माझं वय चौपन्न.
गाय गाभण.
तेओना बातुमीत, पहिलं बाळंतपण, नोव्हेंबर.
आणि एक ओळ, लिहून खोडलेली,
पण खोडूनही मोजलेली:
तो स्वतः आला नाही. बायकोला पाठवलं.

लामारा बाजारात माझ्या फळीपुढे
बराच वेळ उभी होती, गिऱ्हाइकासारखी.
नको असताना अर्धा किलो सुलगुनी घेतलं,
पैसे मोजून दिले,
आणि पिशवीला गाठ मारता मारता म्हणाली,
जुंबेरला आता दिवसाआड मशीनवर झोपवतात.
मी तिला सुटे परत केले.
दोघींनीही ते मोजले.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, वजन किती?
त्या हसल्या. हे कोणी विचारत नाही, म्हणाल्या.
दीडशे ग्रॅमच्या आसपास.
दीडशे ग्रॅम चीज म्हणजे
एका माणसाची न्याहारी, तीही हात राखून.

उजव्या रकान्यात काय लिहायचं?
भाऊ, असं लिहिलं.
त्या शब्दापुढे कारण लागतं की तोच कारण,
हे मला ठरवता येईना.
आईने जन्मभर त्याला झुकतं माप दिलं,
सायीचं, अंथरुणाचं, जमिनीचं,
आणि आता सरकारी इस्पितळाचा कागद
माझ्याकडे तेच मागतो आहे.

मग तो दगड आठवला.
दोनशेचं वजन हरवलं तेव्हा जुंबेर नऊ वर्षांचा.
रिओनीच्या पाण्यात गुडघाभर उतरून
खिसे फाटेतो दगड आणले,
शंभर आणि दोन पन्नासांसमोर एकेक ठेवून पाहिला.
जवळपास जमला तो घेऊन बसला पायरीवर,
तीन दिवस घासत.
आई म्हणाली, अजून जड आहे रे.
तो म्हणाला, असू दे, लोकांना आवडेल.

तपासनीसाने नवा काटा घ्यायला लावला, आकडे उजळणारा,
तेव्हा मी पहिल्यांदा तो दगड त्यावर ठेवला.
दोनशे सहा.
म्हणजे इतकी वर्षं कुताइसीतल्या घराघरांत
सहा-सहा ग्रॅम फुकट गेले,
आणि मापात पाप केल्याचा आरोप
आमच्यावर कधी कोणी केला नाही.

हे कुठल्या रकान्यात घालायचं?
उजवीकडे लिहिलं: सहा ग्रॅम.
लिहिल्यावर ते मूर्खपणाचं दिसलं.
डावीकडे सोळा ओळी, उजवीकडे दोन,
अडाण्यालाही कळेल कुठलं पारडं जड.

एवढ्यात कुंपणापलीकडून त्सियालाने हाक मारली,
गुरुवारी धार पाचला काढू की सहाला?
मी पेन्सिल खाली ठेवली.
गुरुवार. तिबिलिसीची गाडी. तपासण्या.
तिला मी सोमवारीच विचारून ठेवलं होतं,
रेघ ओढायच्या दोन दिवस आधी,
शेणाची पाटी उचलता उचलता,
जसं कोणी मीठ मागतं.

पाचला, मी ओरडले.
उशीर झाला की लाथ मारते ती.

पान उलटं केलं, सप्टेंबर वर आला.
अक्रोडांचं मी विसरलेली नाही.
ते त्याला सांगणार आहे,
शुद्धीवर आला की,
शेजारच्या खाटेवरून.