निळा खडू

मिलमध्ये मी फोल्डिंग खात्यात होतो.
तिरप्या टेबलावरून कापड सरकत यायचं,
कापडामागे दिवा, पुढे मी, हातात निळा खडू.
तुटका धागा, जाळी, तेलाचा थेंब,
दिसला की फुली.
सव्वीस वर्षं हेच. चूक दुसऱ्याची, खूण माझी,
आणि कापड पुढे.

मग मिलला कुलूप लागलं. पैसे
कुठल्याशा फायलीत जाऊन झोपले.
जागे झाले तेव्हा माझे गुडघे रिटायर झाले होते.
कमलिनी म्हणाली, आधी पत्रे बदलू.
मी म्हटलं, नाही. आता स्वयंपाकघर. मॉड्युलर.

शोरूममधला पोरगा मला सर म्हणाला,
फिरत्या खुर्चीत बसवलं,
पडद्यावर आमची नंदानगरची दहा बाय सातची खोली
गोल गोल फिरवून दाखवली.
ओट्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात तीन हिरवी सफरचंदं.
आमच्याकडे सफरचंद आजारपणात येतं.
‘हाइट बता दो सर,’ तो म्हणाला.
मी उठून ताठ उभा राहिलो.
कमलिनी दाराशी होती, चपलांजवळ, पिशव्या घेऊन.

अठरा दिवस ठोकाठोक झाली.
एकोणिसाव्या दिवशी मी जुन्या डब्यातून खडू काढला.

कांद्याचा ड्रॉवर फ्रिजच्या दाराला अडतो. फुली.
दिवा बरोबर पाठीमागे,
कोथिंबीर चिरायची ती आपल्याच सावलीत. फुली.
मिक्सरची वायर प्लगपासून एक वीत दूर थांबते,
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखी.
कोपऱ्यातलं कपाट तर विहीर आहे:
आषाढीला आत गेलेला साबुदाणा
कार्तिकीला टॉर्च लावल्यावर दिसला.
चिमणीचा पाइप पॅसेजमध्ये सोडलाय,
अंघोळ करून अंग पुसावं
तर टॉवेलला मोहरी-हिंगाचा वास.
नर्मदा एक दिवसाआड येते,
त्या दिवशीच्या दोन टाक्या कुठे ठेवायच्या
हे सफरचंदवाल्याला कुणी सांगितलंच नाही.
आणि इंदुरात, इंदुरात हो,
पोहे वाफवायचं पातेलं वरच्या चाळणीसकट
एकाही खणात उभं राहत नाही!

तेवीस फुल्या झाल्या.
मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.
कितीतरी वर्षांनी डोळे कामाला लागले होते.
पोराला फोन केला, तो म्हणाला, ‘स्टँडर्ड साइज है अंकल.’
सरचा अंकल झालो होतो.

कमलिनी रोज फडक्यानं फुल्या पुसायची.
मी रोज पुन्हा काढायचो.
एका दुपारी कणीक तिंबता तिंबता थांबली,
पिठाच्याच हातानं माझ्याकडून खडू घेतला,
भिंतीला लागून उभी राहिली,
कोपर दुमडलं,
आणि कोपराच्या जरा खाली
नव्या टाइलवर एक आडवी रेघ ओढली.
रेघ ओट्याच्या चार बोटं खाली होती.

काही बोलली नाही.
मी रेघेकडे बघितलं, मग तिच्या टाचांकडे.
दोन महिने ती
खोबरेलाच्या उपड्या डब्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती
आणि मी त्या डब्याला वळसा घालून
चुका शोधत फिरत होतो.

‘ओटा तुमच्या मापाचा आहे,’ ती म्हणाली.
‘लाटा.’

लाटली. एका बाजूला जाड, दुसरीकडे जाळी,
मधोमध बोट गेलं.
तिनं ती दिव्यासमोर धरली,
अगदी मी धरायचो तशी,
उलटून पालटून पाहिली.
मग परातीशेजारी ओट्यावर
निळी फुली काढली.

‘सेकंडचा माल,’ ती म्हणाली.
‘घरात खपेल.’
आणि तवा तापला की नाही ते बघायला वाकली.