पांढरं बोट

गाडी निळी आहे असं आर्सी बुकात लिहिलंय.
मी दारावरून अंगठा फिरवला
तर अंगठा पांढरा,
फळा पुसून आलेल्या मास्तरासारखा.

इनास लोपीस म्हणाला, मीठ.
म्हटलं, मीठ धुतलं की जातं.
हा रंगच आहे, उन्हाने मेलेला.
पाणी मारा, ओला आहे तोवर निळा दिसेल,
वाळला की परत म्हातारा.

वेळागरला, सुरूच्या बनाला लागून
मागचं चाक दोन चिऱ्यांवर टेकवून उभी होती ती.
आत दोन बाकडी, एक शेगडी, बादलीएवढी मोरी,
आणि पायरीवर नाताळचं बुकिंग घेऊन बसलेला मालक:
"वीस तारखेक पावणे येतले.
तेंका फोटोत चकचकीत गाडी व्हयी."

लोकांना वाटतं झळाळी डब्यात मिळते.
लावली, पुसली, झालं.
झळाळी लावायची नसते, इनासबाब,
वरचं मेलेलं खरवडायचं असतं,
खाली काही जिवंत उरलं असेल या भरवशावर.
आणि खाली फार नसतं. नखाएवढा थर.
ही गाडी अजून एकदा सोसेल, फार तर दोनदा.
मग फायबर उघडं पडेल
आणि त्याला कुठलंच कंपाउंड लागू पडत नाही.

सकाळी सहा ते नऊ, मग चार ते अंधार.
मधल्या उन्हात पत्र्याला हात लावत नाही मी,
कंपाउंड भाकरीसारखं करपतं.
रबराच्या पट्ट्यांवर टेप.
हजारचा पेपर, पंधराशेचा, दोन हजारचा,
पाण्यातून काढून, पाण्यात बुडवून,
दुधासारखं निळसर पाणी कोपरापर्यंत.
मग मशीन. लोकरीचं पॅड.
दाबायचं नाही. मशीनला वाटलं पाहिजे
की तेच चाललंय, आपण नुसते सोबत आहोत.

डाव्या कुशीवर एक जागा निघाली
जिथे अंगठा पांढरा झाला नाही.
"लोपीस" लाल रेडियममध्ये, तडकलेलं,
आणि त्याच्यापुढे रेडियम नव्हतं,
होता फक्त गर्द निळा आकार:
*आणि बंधू*.

अकरा वर्षं चिकटलेलं होतं, म्हणाला.
दोन वर्षांमागे मीच काढलं, सुरीने.
मिंगेल जनरेटर घेऊन म्हापशाक गेलो.
पुढे काही बोलला नाही. मीही मशीन चालू केलं.

अख्ख्या गाडीत तेवढाच ताजा निळा.
ज्याचं नाव राहिलं, तो उन्हात तडकला,
ज्याचं सोलून काढलं, त्याच्याखाली रंग झोपून राहिला होता
सावलीत, अकरा वर्षं.

"ह्यां घालव," इनास म्हणाला.
घालवण्यासारखं तिथे काही नव्हतं.
अक्षरं कुठे होती?
भोवतालचं फिकट होतं म्हणून ती दिसत होती.
मी भोवतालचं वर आणत गेलो,
तळहाताएवढं, सुपाएवढं, दाराएवढं,
आणि *बंधू* आपोआप मावळत गेला,
भरतीत खडक जातो तसा,
जागचा न हलता.

चौथ्या दिवशी मेण मारलं.
सुरूची झाडं त्यात उभी राहिली, उलटी-सुलटी.
इनासची बायको फेलिसीन येऊन
त्यात बघून केस नीट करून गेली.
पैसे मोजताना त्याने पन्नास कापले,
मागच्या पट्टीला ओरखडा आहे म्हणून.
होता. माझाच.

निघताना मोटरसायकल वळवली,
ऊन समुद्राकडून अगदी आडवं आलेलं,
आणि त्या आडव्या उजेडात, केसभर उंचीने,
दिसलं मला.
समोरून नाही. फक्त तिरकं.
सांगावं असं वाटलं नाही.
पैसे मिळाले होते.

महिन्याने शिरोड्याच्या बाजाराला जाताना पाहिलं,
गाडी फिरवून लावलीय त्याने.
डावी कूस आता घराकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.
विचारलं तर म्हणाला,
"त्या बाजूक ऊन लागता ना.
रंग खराब होतलो."