एकेचाळीस

जिनिंगच्या काट्यावर बंडी चढली
आणि पडद्यावर वजनाऐवजी दोन आला.
दोन किलो नव्हे, दोन क्विंटल नव्हे,
नुसता दोन, चौकोनी कंसात.

"का म्हंते व हे?" लटारीकाका म्हणाले.
मी स्क्रिप्ट उघडली,
त्या आकड्याचा अर्थ विचारणारी एक ओळ लिहिली.
"अशी फाइल नाही म्हंते, अन् असा फोल्डरही नाही."
"फाइल कायची? काटा हाय तो."
"त्याच्या लेखी सगळी फाइलच, काका.
काटा फाइल, प्रिंटर फाइल, हा कीबोर्ड बी."
"मंग तं तहसीलच झाली,"
म्हणत त्यांनी टेबलामागे हात घातला
आणि उंदरानं कुरतडलेली वायर
शेपटी धरावी तशी वर काढली.

नवी वायर हिंगणघाटहून यायची होती.
बंड्यांची रांग नाल्याच्या पुलापर्यंत गेली.
कोणी बैल सोडले, कोणी डबे.
मी म्हटलं, आज यादीच करून टाकू,
एक ते एकशे तेहतीस,
म्हणजे रात्रपाळीच्या गजूला
दर आकड्याला मला उठवावं लागणार नाही.

नेहमी येतात ते आधी घेतले.
तेरा: परवानगी नाही.
"कोणाची, ते लिही."
ते कुठंच लिहीत नाहीत, काका.
अकरा: आत्ता नाही, थोड्या वेळानं या.
हे त्यांना बँकेमुळे पाठ होतं.
अठ्ठावीस, जागा उरली नाही.
एकशे तेरा, तिकडे जायला रस्ता नाही.
"ते आमचं जुनं गाव," काका म्हणाले,
इतकं सहज की मी टाइप करतच राहिले.

मग उरलेले, ओळीनं.
दहा मी मनातच वाचला, लेकरू नाही,
आणि पुढे सरकले.

चाळिसानंतर यंत्र अडखळलं.
अनोळखी चूक एकेचाळीस, एवढंच म्हणालं.
पुन्हा विचारलं. तेच.
बेचाळीसला पुन्हा नीट बोलायला लागलं.
आकडा आहे, नाव नाही.

"आमच्या पुनर्वसनात बी तसंच," काका म्हणाले.
"चाळीस माह्या घराचा, बेचाळीस कवडूचा.
मधात बोर हाय, अन् तीन दगडं.
मोजणीवाले आले तवा
तुळसा डाहुले वणीले गेली होती, लेकीकडं.
नंबर पडला. बाई आली नाई.
पाणी मात्र आलं."
"मग कवडूभाऊ नाही सरकले?"
"कायले सरकन? त्याच्या दारावर रंगवला होता नं बेचाळीस."

साडेचारला वायर आली.
काटा शून्यावर बसला, आणि हात सवयीचा,
मी शून्याचाही अर्थ विचारून पाहिला.
शून्य क्रमांकाची चूक: यश.
हे काकांना सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर
संध्याकाळ त्यातच गेली असती, आणि रांग तशीच.

पहिली बंडी. अकरा क्विंटल चाळीस.
दुसऱ्या बंडीवर पोरगं झोपलेलं, त्याला उतरवलं.

यादीत एकेचाळीसपुढे मात्र
दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही.
मी लिहिलं:
तुळसाबाई वणीला गेल्या आहेत.

हा आकडा कधी येत नाही म्हणतात.
आलाच एखाद्या रात्री, तर गजू फोन करेल,
झोपेतल्या मला विचारेल, कोण ही बाई,
आणि किती वेळ थांबायचं.