डाव्या दारावरचा केस

पातळ घेऊ नका, मी थीसेनना आधीच सांगितलं.
इथे हिवाळ्यात रस्त्यावर खडी टाकतात,
आणि वारा असा की उभा ट्रक आडवा करतो.
लेथब्रिजमध्ये ज्याच्या काचेला तडा नाही
त्याने गाडी काल घेतली असं समजावं.

ते टोपी काढून नमुने चाळत राहिले,
चिमटीत धरून, कापडाचा पोत बघावा तसे.
मॅट नको म्हणाले. हिरवा हिरवाच दिसू दे.
नुसतं बॉनेट, बंपर आणि आरसे केले
तर स्वस्तात पडेल, मी म्हटलं, पण
नऊ-दहा वर्षांनी फिल्म काढाल तेव्हा
झाकलेला रंग एक, उघडा दुसरा, मध्ये रेघ,
बाही दुमडून उन्हात राबलेल्या हातावर असते तशी.
त्यांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं.
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त केलेला दंड.
"सगळी झाका."

चार दिवस लागले.
धूळ उडू नये म्हणून फरशी ओली,
रंगावर बाळाच्या शांपूचं पाणी,
त्यावर फिल्म तरंगती ठेवायची
आणि रबरी पट्टीने पाणी कडेकडे हाकलत न्यायचं.
कडांची गरम हवेने समजूत काढावी लागते.
ओढूनताणून बसवलेली कड
महिन्याभरात तोंड वर काढते.
माझा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा,
म्हणायचा, रेघ श्वास सोडताना ओढ.
मी अजून तसंच करते.

नेताना त्यांनी वहीत लिहून घेतलं, ठसठशीत अक्षरांत:
आठवडाभर धुवायची नाही.
पाण्याचे फुगे दिसले तरी टोचायचे नाहीत, उन्हाने जातात.
पाखराची शीट त्याच दिवशी, उद्या नाही.
बादल्या दोन. प्रेशरचं पाणी कडेपासून हातभर लांब.
बारीक ओरखडे उन्हात आपोआप मिटतात.
"आणि खोल?"
खोल राहतात, मी म्हटलं. तेही लिहिलं.

बाराव्या दिवशी परत आले.
कडीच्या खाली, फिल्मच्या आत,
एक केस. पांढरा, टोकाला काळा,
स्वल्पविरामासारखा वाकडा.
"हा तुमचा नाही, मारिको."
मागच्या सीटवरून बर्टाने भुंकून कबुली दिली.
गाडी द्यायला आले तेव्हा ती दाराला अंग घासत होती,
आणि मी, डोळ्यांत तेल घालून धूळ शोधणारी,
नेमकी तिथेच आंधळी.
दार फुकट पुन्हा करते, गुरुवारी या.

गुरुवारी आले नाहीत.
फोनवर म्हणाले, बघू.
पुढच्या वसंतात पेट्रोल पंपावर हिरवी गाडी दिसली,
मागच्या सीटवर घोंगडी, घडी घातलेली.
मी हात केला. विचारलं नाही.

नऊ वर्षांनी बंपर देवी आल्यासारखा,
फिल्म कडेला चहाच्या रंगाची.
गरम करत, तिरकी धरून, सावकाश सोलत गेले.
खालचा हिरवा कालचा.
डावं दार मी शेवटी ठेवलं.
ते स्टुलावर बसून होते, टोपी गुडघ्यावर.

रंगावर पातं कधी चालवायचं नाही.
म्हणून दाराची पूर्ण कातडी उतरवली,
टेबलावर उलटी पसरली,
आणि कात्रीने पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन कापला.
गोंद अजून बोटं सोडत नव्हता.
वरून नव्या फिल्मचा तेवढाच तुकडा बसवला,
श्वास सोडत.
एक फुगा राहिला नाही.

त्यांनी तो उजेडात धरला,
पाकिटात लायसन्सच्या मागे सरकवला,
आणि बराच वेळ पाकीट बंद होईना.
मग नमुन्यांची वही स्वतःच ओढून घेतली.

"जाडच द्या," म्हणाले.
"खडी काही कमी झालेली नाही."