बावीस क्रेडिट

प्रवेशअर्जाच्या पाठीमागं मी आडव्या-उभ्या रेघा मारल्या,
सोमवार ते शनिवार.
आधी बस लिहिल्या, मग विषय.
घाटनांदूरहून सकाळची सव्वासातची,
अंबाजोगाईहून परतीची पाच चाळीसची,
मधली दुपारची येते तेव्हा येते.

मेजर : मानसशास्त्र.
हे लिहिताना पेन अडलं नाही.
मायनरपाशी अडलं.
अर्शिया म्हणाली, समाजशास्त्र घे,
आपाच्या नोट्स आहेत,
महत्त्वाचं सगळं तिनं पिवळ्या स्केचपेननं रंगवलंय,
म्हणजे पान न् पान पिवळं.
बिडवे मॅडम म्हणाल्या, संख्याशास्त्र घे,
पुढं एम.ए.ला रडणार नाहीस.
संख्याशास्त्राचा तास पाच ते सहा.
सरासरी निघेपर्यंत बस थांबत नाही.

खिडकीतले डावळे मामा चष्म्यावरून बघतात :
"बावीस क्रेडिट व्हायला पाहिजेत बाई,
तुझे वीसच भरायलेत.
दोनाचं काहीतरी टाक. योगा टाक.
समदे योगाच टाकायलेत."

क्रेडिट म्हणजे उधारी, एवढं मला दुकानावरनं माहीत होतं.
इथं ते जमा होतात म्हणे.

अभ्यासक्रमाची पुस्तिका मी मागून वाचायला घेतली,
बाबा पेपर वाचतात तशी.
पाचव्या सत्रात, अपसामान्य मानसशास्त्र,
घटक तिसरा,
एका ओळीत, दोन स्वल्पविरामांच्या मधे
आई सापडली.

रोज रात्री ती कुलूप अकरा वेळा ओढून बघते.
बाराव्यांदा मला हाक मारते,
"लागलंय का गं, बघ जरा."
मी अंथरुणातूनच म्हणते, लागलंय.
थोड्या वेळानं पुन्हा चपला वाजतात.
गल्लीत म्हणतात, मथुराबाईला घराची लई काळजी.
मीही तेच म्हणायचे.

मामांना विचारलं, हा पेपर आत्ताच घेता येतो का?
ते हसले नाहीत.
"आधी मूलतत्त्वं. संवेदन, अवधान, स्मृती.
ते पाचवंय पोरी, दोन वर्षांनी ये."

दोन वर्षं म्हणजे सातशे तीस रात्री,
गुणिले अकरा.
आठ हजार तीस.
हाक मारलेली धरली नाही.

संध्याकाळी बाबा मोटार भरत बसलेले.
तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले,
"येड्यायचं शिक्षण म्हणायलेत लोकं."
मी तक्ता पुढं केला.
त्यांनी त्यातल्या बस तेवढ्या वाचल्या,
पाच ते सहाच्या चौकोनावर काळं बोट ठेवलं,
आणि बराच वेळ काही नाही.
आत आईनं भाकरी थापायला घेतली होती,
त्या आवाजाकडं कान देऊन म्हणाले,
"मोटार जळायली की वास येतो.
माणसाचा येत नाही.
ते वळखायचं शिकवत असतील तर घे.
मंगळवार-शुक्रवार मी येईन गाडी घेऊन.
बाकीचे दिवस बघू."

मायनर : संख्याशास्त्र.
दोन क्रेडिट : योगा. (मामा बरोबर होते.)
खाली सही केली, पालकाची जागा रिकामी ठेवली,
ती सकाळी, हात धुतल्यावर.

रात्री कुलूप तेरा वेळा वाजलं.
उद्यापासून मी जाणार म्हणून असेल,
किंवा तसं नसेलही.
यावेळी मी अंथरुणातून उत्तर दिलं नाही,
उठून दारापाशी गेले.
ती म्हणाली, "झोप की, सव्वासातची हाय ना तुझी?"
आणि हात कुलपावरच.