तेरावा

जनरेटरचं एक बेअरिंग आणायला
एमरिस सकाळीच एस्केलला गेला होता.
मी नेहमी बेअरिंगपासूनच सुरुवात करते.
ते तुटलं नसतं तर धावपट्टीचे दिवे लागले असते.

धावपट्टी म्हणजे तरी काय,
मेंढ्या हाकलून मोकळी केलेली जमीन,
दोन्ही टोकांना चुना फासलेले टायर
आणि अलीकडे तारेचं कुंपण.

सूर्य डोंगरामागे गेला तरी तो आला नाही.
मग रेडिओत त्याचा आवाज, हसरा:
"नील्दा, उशीर झाला गं. काहीतरी उजेड कर."

दूध पावडरचे बारा डबे, त्यांत राख, राखेवर डिझेल.
सेलेस्तीनो ओतत पुढे, मी काड्या ओढत मागे.
सहा या बाजूला, सहा त्या.
इथल्या वाऱ्याला नाव नाही.
नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात,
हा कधी जातच नाही.
दोन्ही हातांची ओंजळ केल्याशिवाय काडी टिकेना,
म्हणून हातातला कंदील मी खाली ठेवला.
तारेपलीकडे.
डाव्या रांगेच्या अगदी सरळ रेषेत,
हे मला नंतर कळलं.

पहिली फेरी त्याने घातली तेव्हा मी मोजले: बारा.
वरून किती दिसत होते?
विमानाचा स्वतःचा दिवा खिडकीतल्या मेणबत्तीएवढा,
आणि खाली सगळं काळं,
शाईत बुडवलेल्या लोकरीसारखं.

दुसऱ्या फेरीला मी वर बघत होते.
हातसुद्धा हलवला.

इंजिनाचा आवाज उतरत गेला,
शिवणयंत्र टोकाशी येताना हळू होतं तसा,
आणि मग मध्येच
तो आवाज जमिनीचा झाला.
कुंपणाची तार
बराच वेळ वाजत राहिली, मैलभर.

कोमोदोरोहून आलेल्या साहेबाने फॉर्म काढला.
दिवे किती होते?
सेलेस्तीनो म्हणाला, बारा.
साहेबाने बारा लिहिलं.
माझ्या बुटावर डिझेलचा डाग होता,
मी त्याच्याकडे पाहत राहिले.

बेअरिंग सीटखाली सापडलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, साधा ओरखडाही नाही.
चौथ्या दिवशी ते बसवलं.
संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागले,
आणि पट्टीच्या मधोमध एक ससा
कान उभे करून थिजला.
एलुनेदबाई खिडकीत होत्या.
मुलाच्या नावाने नाही, सशाच्या नावाने
त्या पहिल्यांदा रडल्या:
"बिचाऱ्याला कुठे जावं कळत नाहीये."
बंद करू का, मी विचारलं.
त्यांनी ऐकलं नाही, किंवा नको म्हणाल्या
त्यांच्या त्या वेल्शमध्ये, जी मला येत नाही.
दिवे टाकी रिकामी होईपर्यंत जळले.

कंदील माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे.
त्या रात्री मीच तो उचलून आणला,
सगळे तिकडे धावत असताना.
वात अजून जळत होती, एवढ्या वाऱ्यातही.

सेलेस्तीनोला एकदाच सांगितलं, अंथरुणात.
तो कुशीवर वळला.
म्हणाला, बाराच होते, नील्दा,
मीच ओतले ना.